अन्नवस्त्र आणि वाटा

ज्या घरात कुणी सरकारी नोकरी केली आहे, तिथे सर्व्हिस बुक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नाव, जन्मतारीख, अंगावरच्या खुणा, रुजू झाल्याचा दिवस, वेतनवाढी, रजा, वारसांची नावं अशी सगळी नोकरी त्या एका पुस्तकात असते. त्यात एखादं अक्षर चुकलं तरी निवृत्तीपर्यंत हेलपाटे घालावे लागतात. राजस्थानातल्या एका शारीरिक शिक्षकाच्या सर्व्हिस बुकात तशी चूक काहीच नव्हती. नोकरीला लागताना तो कागदोपत्री स्त्री होता, महिला प्रवर्गातूनच निवडला गेला होता, म्हणून लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’ लिहिलं गेलं. पुढे मन आणि जन्माने मिळालेलं शरीर यांचा मेळ नाही, असं वैद्यकीय निदान झालं. शस्त्रक्रिया झाली. तो पुरुष म्हणून राहू लागला, एका स्त्रीशी त्याचं लग्न झालं, दोन मुलगे झाले. पुस्तकातली नोंद मात्र होती तिथेच राहिली. उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर बायकोला फॅमिली पेन्शन मिळेल का, मुलांना कागदावर बाप असेल का, हा त्याचा प्रश्न होता.

सरकारचं उत्तर ठरीव होतं. अर्जात तुम्ही स्वतःच स्त्री लिहिलंत, त्याच आधारावर नोकरी मिळवलीत, आता बदल हवा तर दिवाणी कोर्टातून तशी घोषणा आणा. दिवाणी दावा म्हणजे किती वर्षांचं काम, हे ज्याच्या घरात जमिनीचा एक तरी वाद आहे त्याला माहीत असतं. प्रकरण राजस्थान हायकोर्टाच्या जयपूर खंडपीठापुढे आलं आणि 25 मे 2023 रोजी न्या. अनूपकुमार ढंड यांनी त्यावर निकाल दिला. आपली लिंगओळख ठरवणं हा माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचाच भाग आहे, त्यावर त्याचा हक्क आहे, असं कोर्टाने म्हटलं. शिक्षकाने तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या 2019च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, त्यांचा दाखला मिळाला की खात्याने सर्व्हिस रेकॉर्ड दुरुस्त करावं, असा रस्ता कोर्टाने आखून दिला. शिवाय राज्याच्या मुख्य सचिवांना सांगितलं, की सुप्रीम कोर्टाचा 2014चा निकाल आणि संसदेचा हा कायदा जिल्ह्याजिल्ह्यांत पाळला जातोय ना, ते पाहा. म्हणजे एका शिक्षकाच्या नोंदीचं प्रकरण सगळ्या राज्याच्या कारभारापर्यंत गेलं.

ज्या आवारात हा निकाल झाला, तिथे मनूचा पुतळा उभा आहे. 1989 साली तो बसवला गेला. विरोध झाला, तेव्हा हायकोर्टाच्या सगळ्या न्यायमूर्तींनी एकत्र बसून तो हलवायचं ठरवलं. त्या निर्णयाला स्थगिती मिळाली आणि पुतळा राहिला. महाराष्ट्राला हे प्रकरण परकं नाही. डॉ. बाबा आढाव या पुतळ्याविरुद्ध इथून जयपूरपर्यंत मोर्चा घेऊन गेले होते, आणि ऑक्टोबर 2018मध्ये औरंगाबादहून गेलेल्या दोन बायकांनी चौथऱ्यावर चढून पुतळ्याला काळा रंग फासला होता. पुतळ्याची चर्चा बहुतेक वेळा जातीच्या आणि बाईच्या अंगाने होते, आणि ती व्हायलाच हवी. आपल्या विषयाशीही मनूचा थेट संबंध आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलार्जित मालमत्तेतला वाटा कुणाला मिळू नये याची यादी आहे आणि त्या यादीत सगळ्यात पहिलं नाव क्लीबाचं, म्हणजे नपुंसकाचं आहे. पुढच्याच श्लोकात म्हटलंय की अशांना अन्नवस्त्र मात्र द्यावं, न देणारा पतित होतो.

अन्नवस्त्र द्या, वाटा नको. आपल्या समाजाने तृतीयपंथीयांशी शतकानुशतकं केलेला व्यवहार याहून वेगळा नाही. मूल जन्मलं की बधाईला बोलवायचं, आशीर्वाद घ्यायचा, साडीचोळी आणि पैसे द्यायचे, सिग्नलला नोट काढून द्यायची. देण्यात आपण फारशी कसर केली नाही. वर्गात बाक, कचेरीत खुर्ची, घरात खोली, सातबाऱ्यावर नाव या गोष्टी कधी देऊ केल्या नाहीत. घटनात्मक न्यायालयांनी गेल्या दहा-बारा वर्षांत या बाबतीत जे केलं, ते मला या एका वाक्यात दिसतं: त्यांनी अन्नवस्त्राचा विषय वाट्याचा केला. अजून तो पुरता झालेला नाही, आणि जिथे अडला आहे ती जागा राजस्थानातच फार स्पष्ट दिसते.

वारशाचं कलम केव्हाच गेलं. 1928च्या कायद्याने शारीरिक उणिवेमुळे वारसा नाकारण्याची जुनी तरतूद बहुतांशी काढली, आणि 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, दोष किंवा व्यंग यामुळे कुणी वारस म्हणून अपात्र ठरणार नाही असं स्वच्छ लिहिलं. पण त्याआधी इंग्रजांनी आणखी एक घाव घातला होता. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. भटक्या जमातींवर या कायद्याने काय आणलं ते मराठी वाचकाला ठाऊक आहे, हा दुसरा भाग मात्र आपल्या वाचनात फारसा येत नाही. उत्तर हिंदुस्थानातल्या ब्रिटिश मुलखात पोलिसांनी त्यांची नोंदवही ठेवायची, बायकी पोशाखात रस्त्यावर दिसले किंवा नाचले तर वॉरंटशिवाय पकडायचं, दोन वर्षांपर्यंत कैद द्यायची. नोंद झालेल्याला मृत्युपत्र करता येत नसे, बक्षीसपत्र करता येत नसे, मूल दत्तक घेता येत नसे. पुन्हा वाटाच! जयपूर संस्थान असल्यामुळे हा कायदा तिथे थेट लागू नव्हता, पण पोलिसांच्या नजरेतला संशय सरहद्दी पाळत नाही. निजामाच्या मुलखात अशाच धर्तीवर झालेला कायदा तर 2023च्या जुलैपर्यंत पुस्तकात होता. तेलंगण हायकोर्टाने घटनाबाह्य ठरवल्यावर तो गेला.

आता मुख्य निकालाकडे. 15 एप्रिल 2014 रोजी सुप्रीम कोर्टाचे न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सीकरी यांनी दिलेला तो निकाल ‘नाल्सा’ या नावाने ओळखला जातो. नाल्सा म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण. गरिबांना मोफत वकील मिळवून देणारी ही सरकारीच संस्था सरकारविरुद्ध कोर्टात गेली, हे विशेष. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्यात हस्तक्षेप अर्ज करून सामील झाल्या आणि लहानपणापासून सोसलेलं सगळं त्यांनी कोर्टापुढे मांडलं. कोर्टाने नवा हक्क कुठून निर्माण केला नाही. राज्यघटनेची जुनीच कलमं त्याने नीट वाचली. चौदावं कलम कायद्यापुढची समानता ‘कोणत्याही व्यक्तीला’ देतं, पुरुषाला किंवा स्त्रीला असं म्हणत नाही. पंधरावं आणि सोळावं कलम लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतं, आणि लिंग म्हणजे केवळ शरीराचे अवयव नव्हेत, त्यात माणसाची लिंगओळखही येते. एकोणिसाव्या कलमातलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य पोशाखाला, चालण्याबोलण्याला लागू आहे. एकविसावं कलम प्रतिष्ठेने जगण्याचं आहे.

यातला कळीचा मुद्दा पुराव्याचा होता. कोण पुरुष आणि कोण स्त्री हे ठरवायचं कसं? इंग्लंडमध्ये 1970 साली कॉर्बेट खटल्यात तिथल्या कोर्टाने सांगितलं होतं की जन्माच्या वेळी शरीर जे होतं तेच कायम, शस्त्रक्रियेने त्यात फरक पडत नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने हा दंडक नाकारला. शरीराच्या चाचणीपेक्षा माणसाच्या मनाची साक्ष महत्त्वाची मानली आणि शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा ठरवलं. तृतीयपंथी म्हणून तिसरी ओळख सांगता येईल, आणि ज्याला स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणवायचं असेल त्याला तसंही म्हणवता येईल. ही दुसरी बाजू आपण विसरतो. आपल्या डोळ्यांपुढे टाळी वाजवणारी बधाईवाली येते, राजस्थानातल्या त्या शिक्षकासारखा पारलिंगी पुरुष येत नाही.

हे काम संसदेने का केलं नाही, असं कुणीही विचारील. थोडा हिशेब करून पाहू. 2011च्या जनगणनेत पहिल्यांदाच ‘इतर’ असा रकाना होता. देशभरात त्यात 4,87,803 माणसं नोंदली गेली. महाराष्ट्रात 40,891 आणि राजस्थानात 16,517. खरा आकडा मोठा असणार, कारण घरातलं मूल असं आहे हे शिरगणती करणाऱ्याला कोण सांगतो? पण नोंदलेला आकडाच धरला तर राजस्थान विधानसभेच्या 200 मतदारसंघांत सरासरी ब्याऐंशी-त्र्याऐंशी माणसं येतात, तीही मुलं धरून. इतक्या मतांसाठी कुठला उमेदवार वस्तीत येईल? डिसेंबर 2013मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच एका खंडपीठाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 कायम ठेवताना संख्येने अगदी थोडे असण्याचं कारण पुढे केलं होतं. चारच महिन्यांनी नाल्साने नेमकी उलटी वाट धरली, आणि ती बरोबर होती. घटनेतले हक्क डोकी मोजून द्यायचे नसतात. संख्या ज्यांच्याकडे आहे त्यांना निवडणूक पुरते, कोर्टाची गरज ज्यांच्याकडे ती नाही त्यांना असते. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948च्या भाषणात घटनात्मक नैतिकता अंगी बाणवावी लागते असं सांगितलं होतं. सोलापूरचे न्या. अजित प्रकाश शहा यांनी दिल्ली हायकोर्टात 2009 साली 377 बाबतचा पहिला मोठा निकाल लिहिताना तोच धागा धरला, आणि 2018मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याच दिशेने शिक्कामोर्तब केलं.

निकाल दिल्लीत लागला तरी जालोरच्या पोलिस कचेरीत तो आपोआप पोचत नाही. गंगाकुमारीची गोष्ट याच सुमाराची. जालोर जिल्ह्यातल्या राणीवाडा तालुक्यातली ही मुलगी. 2013च्या पोलिस भरतीत तिने अर्ज केला, परीक्षा दिली, निवड झाली. मग वैद्यकीय तपासणी आली आणि ती तृतीयपंथी असल्याचा शेरा पडला. बरोबरीचे उमेदवार रुजू झाले. हिचं काय करायचं, हा प्रश्न जिल्हा पोलिस अधीक्षकांनी वर पाठवला, वरच्यांनी त्याहून वर, फाइल गृहखात्यापर्यंत गेली. नाही म्हणायला कुणी तयार नव्हतं आणि हो म्हणायलाही. नाल्सा निकाल येऊन तीन वर्षं झाली होती! अखेर 13 नोव्हेंबर 2017 रोजी हायकोर्टाच्या जोधपूर मुख्यपीठात न्या. दिनेश मेहता यांनी सहा आठवड्यांत नेमणूक द्या असा आदेश दिला, आणि तो देताना हा लिंगभेदच आहे असं बजावलं. राजस्थान पोलिसांत तृतीयपंथी शिपाई पहिल्यांदा आली ती अशी.

जयपूरपासून दोनेक तासांवर विराटनगर आहे. पांडवांनी अज्ञातवासाचं वर्ष काढलं ते मत्स्यदेशाच्या राजधानीचं ठिकाण हेच, असं मानलं जातं. अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या दरबारात नोकरी मागायला आला, तेव्हा राजाने आधी त्याची स्त्रियांकरवी तपासणी करून घेतली आणि खात्री पटल्यावर उत्तरेला नृत्य शिकवायला ठेवलं, असं विराटपर्वात आहे. त्या तपासणीने बृहन्नडेला नोकरी मिळाली, गंगाकुमारीच्या तपासणीने हातची जात होती. दोन्हींकडे माणसाला उघडं पाडून मगच त्याची जागा ठरवायची, ही रीत तीच. नाल्साने ती मोडायला सांगितली होती.

हायकोर्टांचं मोल इथे कळतं. सुप्रीम कोर्टात थेट दाद मागण्याचा हक्क बत्तिसाव्या कलमाने दिला आहे आणि आंबेडकरांनी त्याला घटनेचा आत्मा म्हटलं होतं. पण दिल्लीला जाण्याचं भाडं, वकिलाची फी, मुक्काम हे सगळं शिपाईपदाच्या उमेदवाराला कुठून झेपणार? 226वं कलम हायकोर्टाला जो अधिकार देतं तो एका अर्थी जास्त ऐसपैस आहे. मूलभूत हक्कांबरोबर इतर कायदेशीर हक्कांसाठीही हायकोर्ट आदेश काढू शकतं. सर्व्हिस बुकातली नोंद, अडलेली नेमणूक, फेटाळलेला उमेदवारी अर्ज ही सगळी हायकोर्टांची रोजची कामं आहेत. सुप्रीम कोर्टाचं तत्त्व अशा रोजच्या कामात उतरतं तेव्हाच ते माणसाच्या हातात पडतं.

उमेदवारी अर्जाचंच पाहा. मध्य प्रदेशातल्या कटनीत कमला जान महापौर म्हणून निवडून आली होती. पद स्त्रियांसाठी राखीव होतं. विरोधकांनी निवडणूक अर्ज केला, आणि 2003मध्ये तिथल्या हायकोर्टानेही निवड रद्द करण्यावर शिक्कामोर्तब केलं. हिजडा हा कायद्याने पुरुष, म्हणून स्त्रियांच्या जागेवर तिला उभं राहता येत नाही, हे कारण. लोकांनी मतं देऊन बसवलेली महापौर व्याख्येपायी उतरली. पुढे अठरा वर्षांनी जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत हाच प्रश्न आला. महिलांसाठी राखीव प्रभागातून भरलेला अंजली यांचा अर्ज छाननीत फेटाळला गेला. 2 जानेवारी 2021 रोजी मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाचे न्या. रवींद्र घुगे यांनी, अर्जदाराने आपली ओळख स्त्री अशी सांगितली आहे आणि ती सांगण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, म्हणून अर्ज स्वीकारा असं सांगितलं. अंजली निवडून आल्या. दोन हायकोर्टं, दोन बायका, एकच प्रश्न, आणि उत्तरं उलट. मधे नाल्सा होता आणि 2019चा कायदा होता. खानदेशातल्या एका गावच्या मतदारांना तर उत्तर बहुधा आधीच ठाऊक होतं.

त्या कायद्याबद्दलही बोलायला हवं, कारण कोर्टाने दिलेलं सगळंच संसदेने जसंच्या तसं उचललं नाही. तमिळनाडूचे तिरुची शिवा यांचं खासगी विधेयक राज्यसभेने 24 एप्रिल 2015 रोजी मंजूर केलं होतं. त्यात आरक्षण होतं. ते लोकसभेत पुढे गेलं नाही. सरकारने 2016मध्ये आणलेल्या विधेयकात ओळख ठरवायला छाननी समिती होती. देशभरातल्या पारलिंगी संघटनांनी तिच्याविरुद्ध रान उठवलं तेव्हा ती निघाली. 2019चा कायदा 10 जानेवारी 2020पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमाने माणसाला स्वतःला जाणवलेल्या लिंगओळखीचा हक्क दिला, पण दाखला द्यायचा जिल्हाधिकाऱ्यांनी. आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर सातव्या कलमाप्रमाणे शस्त्रक्रियेचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागणार. नाल्साने बेकायदा ठरवलेली अट मागच्या दाराने आत आली. लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. हाच गुन्हा स्त्रीवर झाला तर शिक्षा किती असते ते आपण जाणतो. कायद्यात कल्याणकारी योजना, निवारा, आरोग्यसेवा यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. आरक्षणाचा शब्द नाही. अन्नवस्त्र आहे, वाटा नाही.

तरीही कागदाचं महत्त्व कमी लेखू नये. जुलै 2023मध्ये जयपूर ग्रेटर महापालिकेने नूर शेखावत यांना जन्मदाखला दिला. लिंगाच्या रकान्यात ‘ट्रान्सजेंडर’ लिहिलेला राजस्थानातला तो पहिला जन्मदाखला. आपल्यासारख्यांना जन्मदाखला हा कपाटाच्या खणातला एक कागद वाटतो. पण शाळेचा दाखला, आधार, पॅन, बँकेचं खातं, मतदार यादी, भाडेकरार हे सगळे एकमेकांच्या आधारावर उभे असतात, आणि तळाशी जन्मदाखला असतो. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, फोटोतला चेहरा तिसराच, अशी माणसाची अवस्था झाली की प्रत्येक खिडकीवरचा कारकून त्याला परत पाठवतो. कारकुनाच्या मनात दुष्टावा असायची गरजही नसते. कागद जुळत नाहीत एवढं त्याला पुरतं. जयपूरमधल्या ‘नई भोर’ संस्थेच्या पुष्पा माई आणि त्यांच्यासारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले ते काम बरंचसं हेच आहे: अर्ज भरून देणं, सोबत जाणं, पुन्हा जाणं.

महाराष्ट्रातही फार वेगळं घडलं नाही. 2022च्या पोलिस भरतीत ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते. कऱ्हाडकडच्या आर्या पुजारी आणि त्यांच्यासारखे उमेदवार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये गेले. मॅटने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध मुंबई हायकोर्टात गेलं. शारीरिक चाचणीचे निकष कोणते लावायचे, ही सरकारची अडचण. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने डिसेंबर 2022मध्ये सरकारला चांगलंच सुनावलं, तेव्हा अर्जात तिसरा रकाना आला आणि चाचणीचे नियम करायला मुदत ठरली. नाल्सानंतर आठ वर्षांनी, आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात. या माणसांना दुसरी पायरीच नव्हती. आणि कोर्टाच्या मार्गाचा हाच मोठा दोष आहे, की एकेक हक्क एकेका माणसाने आयुष्याची दोन-चार वर्षं मोजून मिळवायचा. गंगाकुमारीने नेमणूक मिळवली, म्हणून पुढच्या भरतीत पुढच्या मुलीला ती आपोआप मिळेल अशी खात्री देता येत नाही. जयपूरच्या निकालात मुख्य सचिवांना दिलेले निर्देश म्हणूनच मला त्या शिक्षकाच्या दाखल्याइतकेच मोलाचे वाटतात. कोर्टाने तिथे पुढच्या माणसाचा खटला वाचवायचा प्रयत्न केला. ऑक्टोबर 2025मध्ये सुप्रीम कोर्टाने याच दिशेने आणखी एक पाऊल टाकलं. लिंगओळखीमुळे दोन खासगी शाळांतली नोकरी गेलेल्या एका शिक्षिकेला भरपाई देताना कोर्टाने ती सरकारांनाही भरायला लावली, कारण कायदा करून त्याची यंत्रणा उभी न करणं हाही भेदभावच आहे. समान संधीचं धोरण आखायला दिल्ली हायकोर्टाच्या निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

आता आरक्षण, म्हणजे शब्दशः वाटा. नाल्साने सांगितलं होतं की तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास समजा आणि आरक्षण द्या. राजस्थान सरकारने 12 जानेवारी 2023च्या परिपत्रकाने ते अक्षरशः पाळलं. इतर मागासवर्गाच्या यादीत त्यांना 92व्या क्रमांकावर घातलं. वरवर पाहता आज्ञापालन झालं. पण राजस्थानात आरक्षण कसं वाटलं आहे ते बघा: अनुसूचित जाती 16 टक्के, जमाती 12, ओबीसी 21, अतिमागास 5, आर्थिक दुर्बल 10. आता मेघवाल समाजातली एक पारलिंगी मुलगी घ्या. जन्माने ती अनुसूचित जातीची. पारलिंगी म्हणून लाभ घ्यायचा तर ओबीसीत जायचं, म्हणजे जातीमुळे सोसलेलं सगळं बाजूला ठेवायचं. जातीचा दाखला जोडायचा तर पारलिंगी म्हणून सोसलेलं बाजूला. आणि जी माळी किंवा जाट घरातली आहे, म्हणजे आधीच ओबीसी, तिला या परिपत्रकाने काय मिळालं? काहीच नाही. घरातून हाकललेली, दहावीला शाळा सुटलेली ही मुलगी त्याच 21 टक्क्यांत घरचा आधार असलेल्या मुलांशी झुंजणार.

महाराष्ट्रातला स्पर्धा परीक्षेचा कुठलाही विद्यार्थी यावरचा उपाय झोपेत सांगेल: समांतर आरक्षण. महिला, माजी सैनिक, खेळाडू, दिव्यांग, अनाथ यांना आपल्याकडे ते आहे. प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच काही जागा राखायच्या, म्हणजे माणसाला आपली जात सोडावी लागत नाही आणि दुसरी वंचनाही लपवावी लागत नाही. पारलिंगी असणं ही जात नव्हे, ते कुठल्याही जातीच्या घरात जन्मतं, तेव्हा त्याची जागा या आडव्या पट्टीतच असायला हवी. नाल्साच्या त्या एका वाक्यात हा खुलासा नव्हता. तमिळनाडूतल्या ग्रेस बानू यांनी सुप्रीम कोर्टाकडे तो मागितला, तेव्हा 2023मध्ये कोर्टाने त्या अर्जावर खुलासा न करता दुसरा कायदेशीर मार्ग धरायला सांगितलं. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. ज्या कोर्टाने वाक्य लिहिलं त्यानेच त्याचा अर्थ सांगितला असता, तर राज्याराज्यांतली किती प्रकरणं टळली असती. राजस्थानच्या परिपत्रकालाही हायकोर्टात आव्हान द्यावं लागलं.

कर्नाटकाने मात्र 2021मध्येच, बेंगळुरूच्या संगमा संस्थेने हायकोर्टात लढवलेल्या याचिकेनंतर, आपले सेवाभरतीचे नियम बदलले. तिथे सर्वसाधारण, अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्ग अशा प्रत्येक प्रवर्गात एक टक्का जागा पारलिंगी उमेदवारांसाठी धरल्या जातात. दलित घरातली पारलिंगी मुलगी तिथे दलित म्हणूनच अर्ज करते, आणि पारलिंगी म्हणूनही.